कपाटाची किल्ली कोणाकडे असावी?



आपल्या शाळेत गोष्टीची पुस्तके आहेत हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नाही. ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत. त्याच कपाटात खिचडीच्या नोंदवह्या, हजेरीपट, लेझीम आणि वजनकाटा पण आहे. वरच्या दोन फळ्यांवर पुस्तके आहेत. आम्ही तिघींनी बाईंना विचारून ती मोजली. १८६ भरली. त्यातली कितीतरी इतकी कोरी आहेत की पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. उघडताना चर्र असा आवाज होतो. तो आवाज मला आवडला. पण पुस्तक शाळेत येऊन चार वर्षे झाली तरी त्यातून असा आवाज यावा हे काही बरे नाही.

माझे मत असे आहे की ह्यात गुरुजींचा किंवा बाईंचा दोष नाही. आपली शाळा द्विशिक्षकी आहे. वर्ग चार आणि शिक्षक दोन. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाला पाढे म्हणायला लावावे लागतात. त्यात तांदूळ मोजून द्यायचे, मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरायची, मतदार यादीचे काम आले तर घरोघर जायचे. शिवाय प्रत्येक पुस्तक साठा रजिस्टरला चढवलेले असते. एखादे हरवले तर तपासणीला उत्तर त्यांनाच द्यावे लागते. मग कोणीही किल्ली जपूनच ठेवील. आमची आजी गुळाचा डबा असाच जपते. फक्त गूळ खाल्ला की संपतो, पुस्तक वाचून संपत नाही, एवढा फरक आहे.

गुरुजींनी आम्हाला सांगितले की २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तके सुद्धा असावीत, असे त्या कायद्यात लिहिले आहे. पण ग्रंथपाल नेमावा असे त्यात नाही. म्हणजे पुस्तके द्यायची सोय झाली, देणारा माणूस मात्र नाही. मला वाटते हे काम एकट्यादुकट्याने करायचेच नाही. गावात त्यासाठी माणसे आहेत. ती एकमेकांशी ह्या विषयावर बोलत नाहीत, एवढेच.

आपल्या वस्तीपासून दीड किलोमीटरवर मोठ्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याप्रमाणे अशा वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. आपल्या गावचे वाचनालय ड वर्गात आहे. ड हा शेवटचा वर्ग, पण आत गेल्यावर तसे वाटत नाही. मी वडिलांबरोबर गेले होते. ग्रंथपाल काकांनी मला मुलांच्या पुस्तकांची वेगळी मांडणी दाखवली. तिच्यावर किशोर मासिकाचे जुने अंक गठ्ठा बांधून ठेवले होते. किशोर हे बालभारती १९७१ पासून काढते. मी काकांना विचारले, हे कोण नेतं? ते म्हणाले, "मोठी माणसं पेपर वाचायला येतात. ह्या कोपऱ्यात पोरं फिरकत नाहीत."

आता बघा. तिकडे काका मुलांची वाट बघतात आणि इकडे मुले पुस्तकाची वाट बघतात. मधे दीड किलोमीटर रस्ता आणि एक ओढा. पावसाळ्यात लहान मुलांना ओढ्यापलीकडे कोणी पाठवत नाही. ते बरोबरच आहे. पण मग पुस्तकांनी इकडे यावे.

ह्यावर काकांनी मला एक खरी हकिगत सांगितली. आपल्या देशात डॉ. एस. आर. रंगनाथन नावाचे मोठे ग्रंथपाल होऊन गेले. ते आधी गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला पहिलाच नियम असा आहे की पुस्तके वापरासाठी असतात. त्याच वर्षी तिकडे मन्नारगुडी ह्या गावाजवळ बैलगाडीतून खेडोपाडी पुस्तके न्यायला सुरुवात झाली, आणि त्या कार्यक्रमाला रंगनाथन स्वतः होते. बैलगाडीत पुस्तके! मला ते ऐकून फार गंमत वाटली. आपल्याकडे बैल आता थोड्याच घरी राहिले आहेत. पण दुधाचा टेम्पो रोज सकाळी मोठ्या गावातून वस्तीवर येतो आणि शाळेच्या फाटकासमोरच थांबतो. रिकाम्या कॅनबरोबर पुस्तकांची एक पत्र्याची पेटी येऊ शकते. पंधरा दिवसांनी तीच पेटी परत जाईल आणि दुसरी येईल. मी टेम्पोवाल्या दादांना विचारले. ते म्हणाले, पेटी आणतो, पण सही-बिही मी करणार नाही. सही गुरुजी करतील. काका पण म्हणाले, गुरुजींची सही असेल तर मुलांकडून अनामत घेणार नाही.

म्हणजे काका पुस्तके देणार, दादा आणणार, गुरुजी सही करणार. कोणालाच फार काम पडत नाही.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यात भिलार नावाचे गाव आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले. सुरुवातीलाच २५ ठिकाणी पुस्तके ठेवली, आणि ती ठिकाणे म्हणजे लोकांची राहती घरे सुद्धा. पाहुणे घरात येऊन बसून वाचतात. आपल्याकडे थंड हवा नाही की स्ट्रॉबेरी नाही, त्यामुळे पाहुणे येणार नाहीत हे मला कळते. पण ज्या घराला मोठा ओटा आहे तिथे दहा पुस्तके ठेवायला काय हरकत आहे? बचत गटाच्या काकूंचा ओटा मोठा आहे. त्या घरी सगळ्या बाया महिन्याला जमतात, हिशेब पण चोख लिहितात. जिला पैशाचा हिशेब ठेवता येतो तिला दहा पुस्तकांचा येणारच.

आता पालकांविषयी लिहिते. पालक म्हणतात, पोरं नुसती मोबाइल बघतात, वाचत नाहीत. पण मोबाइल उशाशी असतो आणि पुस्तक कुलपात असते. दुसरे असे म्हणतात की आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय वाचन घेणार. हे मला पटत नाही. आमच्या आजीला अक्षर येत नाही. तरी आमच्या घरात माझे वाचन तिनेच वाढवले आहे. मी मोठ्याने वाचते आणि ती शेंगा फोडत ऐकते. मी घाईने पान उलटले की तिला लगेच कळते. म्हणते, "थांब, ती म्हातारी घरी पोचली का नाही?" मग मला मागे जाऊन नीट वाचावे लागते. कोणी ऐकणारे असले म्हणजे वाचायला जोर येतो. एकटीने वाचताना मी अवघड शब्द सोडून देते, आजीपुढे सोडता येत नाही. काकांकडून पुस्तक आले, गुरुजींनी सही केली, आणि घरी ऐकायला कोणीच नसले तर ते पुस्तक दप्तरातच राहते. म्हणून माझ्या मते आजी आणि आजोबा हे पण ग्रंथपालाचे मदतनीस आहेत. आणि वस्तीवर त्यांना दुपारी सवड असते.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. महाराष्ट्रात तो २०१५ पासून करतात. त्या दिवशी आपले कपाट उघडते. आम्ही ओळीने बसून वाचतो, फोटो निघतो आणि संध्याकाळी कुलूप लागते. मागच्या वर्षीच्या फोटोत पहिलीतल्या एका मुलाने पुस्तक उलटे धरले आहे. सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण त्याच्या हातात गोष्टीचे पुस्तक त्याच दिवशी पहिल्यांदा आले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे मी आता लिहिते. आपल्या वस्तीवरची निम्मी माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. काही मुले आजीजवळ राहतात, काही टोळीबरोबर जातात. माझी एक मैत्रीण जाते. तिला घरी सांभाळायला कोणी नाही आणि तिकडे कोपीत धाकट्या भावाला तीच सांभाळते. दुसरीत ती माझ्यापेक्षा चांगली वाचायची. परत आली तेव्हा जोडाक्षराला अडत होती. तिसरीत पण तसेच झाले. पाठ्यपुस्तक ती नेते, पण तेच तेच धडे किती वेळा वाचणार? तिचा भाऊ पण कंटाळतो. यंदा ती गेली आणि चैत्रात परत आली तर पाचवीला आम्ही मोठ्या गावच्या शाळेत जाणार. तिथे तिला वाचता आले नाही तर ती शाळा सोडील असे मला भय वाटते. तिची आई एकदा तसे म्हणाली पण आहे.

माझे म्हणणे असे की जाताना तिला दोन गोष्टीची पुस्तके द्यावीत. एक आपल्या कपाटातले आणि एक काकांच्या वाचनालयातले. भावाला वाचून दाखवली तर तिचे वाचन टिकेल. कोणी म्हणेल, पाच महिन्यांत पुस्तके फाटतील, उसाच्या फडात हरवतील. हरवतील सुद्धा. पण रजिस्टरला लिहिता येते की अमुक पुस्तक अमुक विद्यार्थिनीने नेले व ते वाचून खराब झाले. तपासणीला येणारे साहेब पण कधीतरी चौथीत होतेच. मुकादमाच्या ट्रॅक्टरवर भांडी, कोयते, कोंबड्या, शेळी सगळे जाते. दोन पुस्तकांना जागा होईल.

किल्लीचे मी असे सुचवते. एक गुरुजींकडे राहू द्यावी. दुसरी चौथीतल्या दोघांकडे, एक मुलगा आणि एक मुलगी, दर महिन्याला नवी जोडी. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर अर्धा तास कपाट उघडायचे. हात धुतले का ते बघून पुस्तक द्यायचे. वहीत नाव, पुस्तक, तारीख लिहायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने पुस्तकाच्या नावाजवळ चित्र काढायचे. पहिलीतले दोघे तर आताच तयार आहेत. फाटलेली पाने आम्ही खळ करून चिकटवू आणि वर जुन्या कॅलेंडरचे कव्हर घालू. आम्ही पाचवीला गेलो की किल्ली तिसरीतून चौथीत आलेल्यांना द्यायची. त्यांना आधीपासून शिकवून ठेवू.

जास्तीची किल्ली करून घ्यायला बाजारात फार पैसे लागत नाहीत असे वडील म्हणाले. बाजार सोमवारी असतो.

शनिवारच्या पालक सभेत हा विषय घ्यावा अशी माझी गुरुजींना नम्र विनंती आहे. ग्रंथपाल काका यायला तयार आहेत, त्यांना दुपारी तीननंतर बोलवावे. टेम्पोवाले दादा सकाळीच भेटतात. सभेला पालकांनी आजी-आजोबांना पण आणावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तर जरूर यावे, वाचून दाखवायला आम्ही अकरा जण तयार आहोत आणि ऐकणारे सध्या कमी पडतात.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी