बारीक माणसाचा मधुमेह

‘गोड खाल्लंस, आता भोग.’ मधुमेहाचं निदान झालं की गोतावळ्याचा निकाल तयार असतो. माणूस जाड असला तर खादाडपणा सिद्धच. बारीक असला की मात्र निकाल अडखळतो, कारण सडपातळ माणूस या रोगापासून सुरक्षित, अशी पक्की समजूत.

ही समजूत पुण्यातच मोडीत निघाली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच शरीरं पुराव्यादाखल मांडली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची; पण आपल्या बाळांत स्नायू कमी, पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. पेढा चाखायच्या आधीच हे घडलेलं असतं. यांनाही खादाड म्हणायचं?

दवाखान्यातले तक्ते सांगतात, इन्सुलिन ही किल्ली आणि पेशीचं कुलूप गंजलेलं. सोपं आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे. बहुतेक रुग्णांत किल्ली कुलपात बसते. मुख्य बिघाड दाराच्या आत असतो. कातडीखाली न मावलेली चरबी स्नायूंच्या आणि यकृताच्या पेशींत शिरते. तिथे डायअसिलग्लिसरॉल साचलं की प्रोटीन कायनेज सी चेतवलं जातं आणि इन्सुलिनचा निरोप वाटेतच अडतो. स्नायूंत ग्लुकोज आत घेणारी ग्लूट-४ प्रथिनं मग पेशीच्या पृष्ठभागावर पुरेशी येतच नाहीत. (ही साखळी येलच्या जेराल्ड शुलमन यांची, काही संशोधक सिरामाइडला जास्त दोषी धरतात. खलनायक कोण यावर वाद आहे, पण दोन्ही नावं चरबीच्याच घरातली.) यकृताचा कारभार तर अजबच. ‘ग्लुकोज बनवणं थांबव’ हा इन्सुलिनचा हुकूम ते धुडकावतं, ‘चरबी बनव’ हा मात्र इमानेइतबारे पाळतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशी जादा इन्सुलिन ओतून काही वर्षं तोल सांभाळतात, मग थकतात. साखरेला मी निर्दोष सोडत नाही. जास्तीच्या साखरेची यकृत चरबीच करतं. पण आरोप लावायचा तर नीट लावा.

‘सगळं गर्भातच ठरलं, तर पथ्य कशाला?’ हा दुसरा पक्षही तितकाच पोकळ. ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवणाऱ्या गटातले ४६ टक्के रुग्ण वर्षभरात औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आले. ते वजनदार होते, हे खरं. पण न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी पुढे २७ पेक्षा कमी बीएमआयच्या २० जणांचं वजन उतरवलं, तेव्हा १४ जणांना तेच साधलं.

आणि गर्भातल्या हिशेबाचं काय? पुण्याच्याच अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला. जावयाच्या ताटातले गुलाबजाम मोजणाऱ्यांनी गरोदर सुनेचं बी-१२ तपासलंय का, हे विचारायला हवं.