फ्रिज उघडायचा नाही

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर आदळलं. न्यू ऑर्लिन्सचे पूरबंधारे फुटले, शहराचा जवळपास ८० टक्के भाग बुडाला. पाणी काढायलाच कित्येक आठवडे गेले. त्यानंतर देशभरातल्या चर्चचे स्वयंसेवक गट रजा टाकून तिथे येत राहिले.

काम काय, तर घर सोलून काढायचं. कुजलेलं फर्निचर, चिखलाने जड झालेले गालिचे, फोटोंचे अल्बम, सगळं रस्त्याच्या कडेला. मग भिंतींचे जिप्समचे तक्ते उचकटायचे, बुरशी खरवडायची, नुसता लाकडी सांगाडा उरेपर्यंत. फ्रिज मात्र उघडायचा नाही. चिकटपट्टीने आवळून तसाच बाहेर काढायचा. आत काय झालं असेल, ते बंद वीज आणि लुइझियानाच्या उन्हाळ्यावरून ताडावं!

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची फिरती स्वयंपाकघरं, १९५० पासून आपत्तीनंतर घरं बांधून देणारे मेनोनाइट पंथीय, यांच्या तयारीचा कुठल्याही सरकारी खात्याला हेवा वाटावा. यामागे धर्मप्रसार असेल का, ही शंका मलाही येते, आणि ती विचारायलाच हवी. पण अट न घालता कोणी छप्पर घालून देत असेल, तर त्याचा हेतू तपासत बसायची फुरसत बेघर माणसाला नसते. माझा आक्षेप वेगळाच आहे. शहर उभं करण्याचं काम सुट्टीवर आलेल्या शिक्षकांवर आणि पेन्शनरांवर सोडून सरकारने मोकळं व्हावं का? या अंकातल्या लेखकांचं यावर एकमत नाही. संपादक म्हणून मला ते बरंच वाटतं.