हसू कोणाचं, कोणावर?

परवा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. (धंतोलीत हल्ली घरांपेक्षा दवाखान्यांच्याच पाट्या जास्त दिसतात.) भिंतीवरच्या टीव्हीवर विनोदी कार्यक्रम चालू होता. एका जाड बाईची तिच्याच नवऱ्यानं केलेली टर आणि त्यावर आधीच ध्वनिमुद्रित केलेला हशा. माझ्या शेजारी चांगल्या अंगापिंडाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मला एकदम सई परांजपे आठवल्या.

रँग्लर परांजप्यांची ही नात. आकाशवाणी, मग राष्ट्रीय नाट्यविद्यालय, मग दिल्ली दूरदर्शन. तिथं ना पैसा होता ना झगमगाट. दोन खोल्यांचा सेट आणि चार नट एवढ्यावर गोष्ट उभी करायची. त्यामुळे संवादाला वजन आलं, असं मला वाटतं. 'स्पर्श' (१९८०) आणि 'चष्मेबद्दूर' (१९८१) या दोन्ही चित्रपटांचं मूळ त्यांच्या दूरदर्शनच्या नाटिकांत आहे. 'स्पर्श'मधल्या अंध मुख्याध्यापकाला सर्वांत जास्त राग येतो तो लोकांच्या दयेचा. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि तीच लेखणी दारोदार 'चमको' पावडर विकणारी मुलगी उभी करते, तेव्हा आपण त्या मुलीला हसत नाही, तिच्या बाजूनं हसतो.

'कथा' (१९८३) तर चाळीतलीच. स. गो. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या नाटकावरून घेतलेली. नसीरुद्दीनचा भिडस्त राजाराम आणि फारूख शेखचा थापाड्या बाशू! बाशू सगळ्यांना गंडवून सटकतो, त्याला शिक्षा होत नाही. आमच्या घरी यावरून वाद झाला होता. वडिलांना ते मुळीच पटलं नव्हतं. मला वाटतं, चाळीत तसंच होतं.

१९८४ साली दूरदर्शनवर 'अडोस पडोस' आली. म्हणजे पुन्हा शेजारीच. पुढे 'दिशा'त (१९९०) गाव सोडून कामासाठी मुंबईला आलेली माणसं आली. बालचित्रपट, नाटकं, 'साज' हे वेगळंच.

सगळंच निर्मळ होतं असं नव्हे. मध्यंतरी नातीबरोबर 'चष्मेबद्दूर' पाहिला. ते दोन मित्र त्या मुलीच्या मागे लागतात, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, यात हसायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. पण त्या दोघांची फजिती होते आणि मुलीची होत नाही, एवढं खरं.

विनोदी लिहिणाऱ्याला दुसऱ्या पंगतीला बसवायची आपली जुनी रीत आहे. सईबाईंना २००६ साली पद्मभूषण मिळालं खरं; पण जाड्याला जाड्या म्हणण्यापेक्षा त्यांच्यासारखं लिहिणं किती अवघड, हे वाहिन्यांवर लिहिणाऱ्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मी उठून कंपाउंडरला चॅनेल बदलायला सांगितलं.

"राहू द्या ना भाऊ," शेजारच्या बाई म्हणाल्या, "आता तो मॅच लावून देईल. मग डॉक्टरच बाहेर येऊन बसतील, अन् आपला नंबर काही लागत नाही आज!"

आख्खा दवाखाना हसला.