शेतकरी कुटुंबांतील मानसिक आरोग्य सर्वेक्षणांवर काम करणाऱ्या विद्यार्थी संशोधन सहाय्यकांच्या मागण्यांचे निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव: मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: विदर्भ व मराठवाड्यात क्षेत्रकाम करणाऱ्या विद्यार्थी संशोधन सहाय्यकांना संदर्भसेवेची जोड, योग्य मानधन व संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

शेतकरी कुटुंबांतील ताण, नैराश्य आणि आत्महत्या यांवरील अभ्यासांत घरोघरी जाऊन फॉर्म भरण्याचे काम बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग आणि कृषी शाखांचे विद्यार्थी करतात. प्रकल्प प्राध्यापकांच्या नावावर असतो आणि टॅब विद्यार्थ्याच्या हातात. यातले बरेचजण त्याच तालुक्यांतल्या कोरडवाहू घरांतून आलेले असतात. 'टेन्शन', 'डोकं जड होणं', 'जीव न लागणं' या शब्दांमागे काय दडले आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. अभ्यासाला याचा फायदा होतो. त्याचा भार मात्र विद्यार्थ्यावर पडतो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

या विषयावर राज्यात पुरेसे काम झालेले आहे. शेतकरी आत्महत्यांवरील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अहवाल २००५ मध्ये आणि मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल २००६ मध्ये आला. दोन्हींचा भर शेतीच्या अर्थकारणावर होता आणि तो रास्तच होता. पुढे २०१५ मध्ये शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू करून आशा स्वयंसेविकांमार्फत तणावग्रस्त कुटुंबे शोधण्याची व्यवस्था केली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. विदर्भातील ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' प्रकल्पाने हे चित्र बदलता येते, हेही दाखवले. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्ती, तिच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि त्याच्यावर मानसोपचारतज्ज्ञ अशी उतरंड होती. ज्याला प्रश्न विचारला त्याला पुढे कुठे पाठवायचे, हे आधी ठरलेले होते. विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक सर्वेक्षणांत नेमके हेच ठरलेले नसते.

नैराश्य मोजण्यासाठी सर्रास वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारते. झोप, भूक, थकवा, मन न लागणे असे करत ती नवव्या प्रश्नाला येते. तो प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण असतात. संध्याकाळी सात-साडेसातला, कापूस वेचून आलेली माणसे ओसरीवर टेकलेली असताना, कोपऱ्यात कीटकनाशकाचा डबा दिसत असताना एखाद्याने 'जवळजवळ रोज' असे उत्तर दिले, तर टॅबवर तीनचा आकडा दाबून पुढचा प्रश्न उघडण्यापलीकडे विद्यार्थ्याने काय करायचे, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत बहुधा नसते. गाईडचा फोन लागला तर लागला. शेवटची एसटी निघून जाते आणि तो आकडा विद्यार्थ्यासोबत वसतिगृहावर येतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी, की शेतकरी कुटुंबांत मानसिक आरोग्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या कोणत्याही अभ्यासाला, त्या तालुक्यापुरती संदर्भसेवेची साखळी लेखी ठरल्याशिवाय विद्यापीठाच्या नीतिसमितीने मंजुरी देऊ नये. या साखळीत गावच्या आशाताईंचे नाव, प्राथमिक आरोग्य केंद्रातील जबाबदार अधिकारी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा ठरलेला दिवस आणि रात्रीही उचलला जाईल असा पर्यवेक्षकाचा क्रमांक असावा. १०४ आणि टेलि-मानसचा १४४१६ हे मदतवाहिनीचे क्रमांक उपयोगाचे आहेत. परंतु कार्ड हातात देऊन निघून येणे म्हणजे संदर्भसेवा नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने आत्महत्या प्रतिबंधाचे कार्यक्रम आखण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यामुळे अशा अभ्यासांची जिल्हा रुग्णालयाशी सांगड घालून देणे शासनाच्या कक्षेतच येते.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. १९ डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी कर्ज, थकबाकी आणि वसुलीचा तगादा हे सिद्ध व्हावे लागते. ते झाले नाही की प्रकरण 'अपात्र' ठरते. अशा घरात विद्यार्थी शिरतो आणि मृत व्यक्तीची झोप, दारू, घरातले वाद यांबद्दल विचारतो, तेव्हा समोरच्या बाईला तो पंचनाम्याचाच पुढचा भाग वाटतो. आजार सांगितला तर कर्जाचे कारण कच्चे पडेल, ही तिची भीती निराधार म्हणता येत नाही. याच्या उलटही घडते. फॉर्म पाहताच 'यादीत नाव येईन का?' हा प्रश्न येतो आणि कर्जमाफीच्या आशेने उत्तरे दिली जातात. दोन्ही परिस्थितींत माहिती बिघडते आणि गावात तोंड दाखवायची पाळी विद्यार्थ्यावर येते. यासाठी माहिती तहसील, पोलीस किंवा बँकेकडे जाणार नाही आणि तिच्यावरून मदत ठरणार नाही, असे मराठीतले, शिक्क्यासह पत्र प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असावे. ते सरपंच आणि पोलीस पाटील यांनाही आधी पोचलेले असावे. मुलाखतीच्या वेळी त्यांनी शेजारी बसून राहू नये, हेही त्याच पत्रात स्पष्ट लिहिलेले बरे.

मानधनाबाबत प्रचलित पद्धत फॉर्मागणिक पैसे देण्याची आहे. रडू लागलेल्या माणसाजवळ तासभर थांबणाऱ्या विद्यार्थ्याचे या पद्धतीत नुकसान होते आणि झाडाखाली बसून फॉर्म पुरे करणाऱ्याचा फायदा होतो. आकडेवारीच्या दर्जाबद्दल तक्रार करणाऱ्या संस्थांनी आधी हा हिशेब पाहावा. मानधन दिवसावर असावे, ते दरमहा बँक खात्यात जमा व्हावे आणि प्रवासखर्च आगाऊ मिळावा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमातील सक्तीचे क्षेत्रकार्य आणि अनुदानित प्रकल्पाचे काम यांची सरमिसळ थांबवावी. अनुदान असलेले काम श्रेयांकाच्या नावाखाली फुकट करून घेतले जाऊ नये. मुलाखतीसाठी वेचणीची किंवा निंदणीची मजुरी बुडवणाऱ्या बाईलाही त्या वेळेचा मोबदला द्यावा, अशी तरतूद अंदाजपत्रकातच असावी.

घरी माणसे संध्याकाळनंतरच सापडतात, म्हणून विद्यार्थिनींना एकटीला पाठवू नये. दोघींची जोडी, परतीचे वाहन किंवा गावात मुक्कामाची खात्रीची सोय आणि अपघात व सर्पदंश धरून विमा असावा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा कामानिमित्त भेट दिलेल्या जागेला आणि संस्थेने पुरवलेल्या वाहनालाही लागू होतो. त्यामुळे अंतर्गत समितीचा संपर्क ओळखपत्राच्या मागे छापावा.

विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचा विचार यात वेगळा करावा लागतो. ज्याच्या घरी सोसायटीची नोटीस येऊन पडली आहे, तोच दिवसभर इतरांच्या थकबाकीच्या कहाण्या नोंदवत असतो. ज्यांच्या कुटुंबात आत्महत्या घडली आहे, अशांना ते काम नाकारण्याची मुभा हवी आणि कारण सांगण्याची सक्ती नसावी. आठवड्यातून एकदा प्रकल्पाबाहेरच्या समुपदेशकासोबत बैठक व्हावी. गाईडकडे गुण देण्याचा अधिकार असतो, त्यामुळे त्याच्यासमोर विद्यार्थी मोकळे बोलत नाहीत.

प्रकाशित अहवालात क्षेत्रकाम करणाऱ्यांची नावे यावीत आणि निष्कर्ष मराठीत ग्रामसभेपुढे ठेवले जावेत. त्यासाठी फार खर्च येत नाही.

वरील बाबींचा समावेश असलेला शासन निर्णय उच्च शिक्षण व आरोग्य या दोन्ही विभागांनी संयुक्तपणे काढावा. तो निघेपर्यंत विद्यापीठांना परिपत्रकाद्वारे संदर्भसेवा व दिवसावर मानधन या दोन अटी तत्काळ लागू कराव्यात आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी विद्यार्थी प्रतिनिधींसह जिल्हावार बैठक बोलावण्यात यावी, ही विनंती.

विदर्भ व मराठवाड्यातील विद्यार्थी संशोधन सहाय्यकांतर्फे