नांगरलेल्या रानावरचा पाऊस

बुऱ्हाणपूरहून उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की असीरगड दिसतो. गडावरच्या गुप्तेश्वर महादेवाच्या पिंडीवर पहाटे कुणीतरी ताजं फूल वाहून जातं, आणि तो कुणीतरी म्हणजे अश्वत्थामा, अशी या भागातली जुनी समजूत आहे. आसपासच्या जसोंडीसारख्या गावांत गड प्रत्यक्ष पाहण्याच्या कितीतरी आधी मुलांनी ही गोष्ट ऐकलेली असते. कपाळावरची न भरणारी जखम, तिच्यासाठी तेल मागत फिरणारा उंच माणूस आणि कृष्णाने दिलेला तीन हजार वर्षांचा शाप. गोष्ट सांगून झाली की एखादं चौकस मूल विचारतंच: कृष्णाला सगळं आधीच माहीत होतं ना? मग शिक्षा अश्वत्थाम्याला कशी?

हा प्रश्न पोरकट नाही. जगभरच्या धर्मपंडितांनी त्यावर दीड-दोन हजार वर्षं खर्ची घातली आहेत. देव सर्वज्ञ असेल तर उद्या कोण काय करणार हे त्याला आजच ठाऊक आहे. त्याचं ज्ञान चुकू शकत नाही. मग उद्या ‘करू की नको’ असं माणसाने स्वतःशी घोळवण्यात काय अर्थ उरतो? आणि निवड नसेल तर पापाचा, पुण्याचा, शिक्षेचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

महाभारताने हा पेच टाळलेला नाही, उलट घट्ट करून ठेवला आहे. दुर्योधन पडल्यावर कृष्णच पांडवांना सांगतो की आजची रात्र छावणीबाहेर काढू. पाच पांडव आणि सात्यकी ओघवती नदीच्या काठी मुक्काम करतात. त्याच रात्री छावणीत झोपलेले धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही मुलगे अश्वत्थाम्याच्या हातून मारले जातात. वाचणाऱ्याला वाटतं, कृष्णाला माहीत होतं. तरीही शाप मिळतो तो अश्वत्थाम्यालाच.

पण त्या रात्रीचा आणखी एक प्रसंग सौप्तिकपर्वात आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. कृपाचार्य, कृतवर्मा आणि अश्वत्थामा एका वडाखाली थांबले आहेत. दोघांना झोप लागते, अश्वत्थामा जागा आहे. त्याच्या डोळ्यांसमोर एक घुबड येतं आणि फांद्यांवर झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतं. अश्वत्थाम्याला त्यात स्वतःसाठी उपदेश दिसतो. तो मामाला, म्हणजे कृपाचार्यांना उठवतो आणि मनातला बेत सांगतो. त्यावर कृपाचार्य जे बोलतात ते दैव आणि प्रयत्न या विषयावरचं सरळ, शेतकऱ्यालाही पटेल असं व्याख्यान आहे. त्यांचं म्हणणं असं की नुसत्या दैवाने काही घडत नाही आणि नुसत्या प्रयत्नानेही नाही. पाऊस डोंगरावर पडला तर त्यातून काय पिकणार? तोच पाऊस नांगरलेल्या रानावर पडला की पीक येतं. एवढं सांगून ते एकच विनंती करतात. आज झोप. उद्या धृतराष्ट्र, गांधारी, विदुर यांना विचारू आणि ते सांगतील तसं करू.

अश्वत्थामा ऐकत नाही.

देवाचं ज्ञान आणि माणसाची निवड यांतली गाठ सुटते ती याच जागी. कृष्णाला ठाऊक होतं म्हणून अश्वत्थामा उठला, असं नाही. तो उठला, म्हणून ते ठाऊक असण्याजोगं होतं. मामाचं ऐकून तो झोपला असता, तर सर्वज्ञ देवाला अनादि काळापासून तेच ठाऊक असतं. ज्ञान कृतीच्या मागे चालतं, मग ते काळाने पुढे असलं तरी. सोलापूरच्या दाते पंचांगात ग्रहणाची वेळ कितीतरी आधी छापलेली असते, म्हणून पंचांगामुळे ग्रहण लागतं असं कुणी म्हणत नाही.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चंद्र-सूर्याला मन नाही, ते ठरलेल्या वाटेने जातात. म्हणून तर त्यांचं गणित आधी मांडता येतं. माणसाचंही आधीच कळत असेल, तर तोही तसाच ठरलेल्या वाटेवरचा नाही का? इसवी सन ५२४ च्या सुमारास इटलीत तुरुंगात मृत्यूची वाट पाहणाऱ्या बोएथियसने याला एक उत्तर दिलं. देव ‘आधी’ पाहतच नाही, कारण तो काळाच्या आत बसलेला नाही. त्याला काल, आज आणि उद्या एकदमच दिसतं. असीरगडाच्या तटावर उभं राहावं आणि खाली इंदूर-इच्छापूर रस्त्यावरचे ट्रक पाहावेत, तसंच काहीसं. चालकाला पुढचं वळण दिसत नाही, वरच्याला दोन्ही बाजू दिसतात. पण म्हणून वरचा माणूस स्टिअरिंग फिरवतो, असं नाही. या उत्तराने सगळी अडचण मिटते असं नाही, पण पाहणं आणि घडवणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं त्यातून पक्कं होतं.

गीतेत हा ताण एकाच संवादात येतो. अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवताना कृष्ण अर्जुनाला सांगतो की भीष्म, द्रोण, जयद्रथ, कर्ण यांना मी आधीच मारलेलं आहे, तू केवळ निमित्त हो. एवढ्यावरच सारं संपत असतं, तर अर्जुनाने तिथेच धनुष्य उचलायला हवं होतं. पण कृष्ण त्यानंतर आणखी सात अध्याय बोलतो. अठराव्यात तर तो म्हणतो की तू नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील. आणि लगेच तीन-चार श्लोकांनी म्हणतो की मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्याच्यापुढे निवडच नाही त्याला एवढं समजावत बसण्याचं कारण काय? समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो हे धरूनच माणूस कुणाला समजावतो. देवही तसंच धरून चालला, हे गीतेतलं सर्वांत महत्त्वाचं मौन आहे.

लोकमान्य टिळकांना हा प्रश्न पुस्तकात मांडण्याआधी न्यायालयात भेटला. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं, तेव्हा ते म्हणाले होते की माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या वरच्या शक्ती आहेत, आणि आपल्या कष्टांतूनच आपलं कार्य वाढावं अशी कदाचित ईश्वराची इच्छा असेल. बोलण्यापुरतं पाहिलं तर हा दैववाद वाटेल. पण सहा वर्षांची शिक्षा भोगायला मंडालेला गेल्यावर याच माणसाने ‘गीतारहस्य’ लिहिलं आणि त्यातलं एक अख्खं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या विषयाला दिलं. ईश्वरी इच्छेवर एवढी श्रद्धा असलेला माणूस स्वस्थ बसला नाही, आणि त्याला त्यात विसंगती दिसली नाही. ती दिसण्याचं कारणही नाही.

खरी अडचण देवाच्या ज्ञानाने होत नाही, कारण देव ते कुणाच्या कानात सांगत नाही. अडचण होते ते आपल्याला सांगितलं गेलं आहे असा माणसाने दावा केल्यावर. बुऱ्हाणपूरला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. रात्रीत काय हललं, काय भिजलं ते पाहून सकाळी पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही मांडणी सुरू केल्याचं सांगितलं जातं. तिला शास्त्रीय आधार नाही, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण भाकीत ऐकायला आलेला शेतकरी काय करतो तेही पाहावं. तो हात जोडून घरी बसत नाही. कपाशी लावू की सोयाबीन, पेरा कधी करू, हे ठरवायला तो आलेला असतो. सगळं ठरलेलंच आहे असं त्याला मनापासून वाटत असतं, तर त्याने एवढी वाट तुडवली नसती.

पत्रिकेचं प्रकरण याहून वाईट. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि मूल कोणत्या गटातलं ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर निघालेली उत्तरं सरासरी ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळाली असती त्याहून जास्त नाहीत. तरीही असल्या कागदावर मुलीचं लग्न मोडतं.

घरात पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून. या श्रद्धेत माया आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण पुढे मुलीची शाळा सुटली, सावकाराचं कर्ज फिटलं नाही, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, की तेच कपाळ पुढे केलं जातं. कुणीतरी काहीतरी केलं नाही, म्हणून जे झालं ते सटवाईच्या नावावर लिहिलं जातं. देव सर्वज्ञ आहे असं मानणाऱ्यांनी याला सर्वांत आधी विरोध करायला हवा. आपल्या हातून झालेलं देवाच्या माथी मारणं ही त्याची भक्ती नव्हे.

ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी ईश्वराला पावसाची उपमा दिली आहे. भात आणि जव दोन्ही एकाच पावसावर वाढतात, वेगळेपण येतं ते बियाण्यातून. कृपाचार्यांनी वडाखाली सांगितलं ते याच्या जवळच जातं.

त्या रात्री अश्वत्थाम्याने रथ जुंपला आणि तो छावणीकडे निघाला. इतकं नीट समजावून सांगणारे कृपाचार्यही कृतवर्म्याला घेऊन त्याच्या मागोमाग गेले. दोघे दारात उभे राहिले आणि जीव वाचवायला बाहेर पळणाऱ्यांना त्यांनी मारलं. पुढे अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेच्या पोटातला गर्भ मेला आणि कृष्णाने तो जिवंत केला. तो परीक्षित. पांडव राज्य सोडून शेवटच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्याला शिष्य म्हणून त्यांनी कृपाचार्यांच्याच हवाली केलं.