निकाल शाळेचा की चाळणीचा?

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातल्या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू होतो. चौकाचौकांत फलक लागतात. त्यांवर दहावीच्या मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. ज्या घरात चौथी-पाचवीतले हुशार मूल आहे, त्या घराची झोप हे फलक उडवतात. ही शाळा घ्यावी की ती? तिथे परीक्षा कठीण असते म्हणे, म्हणजे शाळा चांगली असणार. इथे मुलाखतीला आईवडील दोघांनाही बोलावतात, म्हणजे शिस्त असणार. या तर्कावर लाखो रुपयांचे आणि मुलाच्या पाच-सहा वर्षांचे निर्णय होत आहेत. हा तर्क खोटा आहे आणि त्याचा धंदा आता राजरोस चालू झाला आहे, हे सांगण्याची वेळ आली आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ स्पष्ट आहे. पहिली ते आठवीच्या टप्प्यात प्रवेश देताना कोणत्याही शाळेला मुलाची किंवा त्याच्या पालकांची चाळणी लावता येत नाही. एका मुलाला दुसऱ्यापेक्षा सरस ठरवून जागा द्यायची, ही पद्धतच कायद्याने नाकारली आहे. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढायची. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड. महाराष्ट्रात तर देणगीबंदीचा स्वतंत्र कायदा १९८७ पासूनच आहे.

तरीही पाचवी-सहावीच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षा होतात आणि त्या परीक्षेच्या तयारीचे वर्गही निघतात. सावध शाळांनी परीक्षेचे नाव तेवढे बदलले आहे. कुठे तिला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात, कुठे ‘बेसलाइन टेस्ट’, कुठे ‘अ‍ॅप्टिट्यूड अ‍ॅक्टिव्हिटी’. अर्जासोबत मागच्या दोन वर्षांची गुणपत्रके आणि ऑलिंपियाडची प्रमाणपत्रे मागितली जातात. आई काय शिकली, वडील कुठे नोकरीला आहेत, घरात इंग्रजी बोलतात का, हेही विचारले जाते. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शिक्षण हक्क कायद्यातून वगळले आहे. पण परीक्षा घेणाऱ्या सगळ्याच शाळा काही त्या वर्गातल्या नाहीत. हे सारे उघड गुपित आहे. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापासून हाकेच्या अंतरावर परीक्षेचे फलक लागतात आणि खाते तक्रारीची वाट पाहत बसते. तक्रार करणार कोण? ज्याच्या मुलाला प्रवेश मिळाला तो बोलत नाही आणि ज्याच्या मुलाला नाकारला त्याला आपलेच मूल कमी पडले असे वाटते.

आत घेताना एक चाळणी, आणि दुसरी त्याहून निर्दय चाळणी नववीत. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कलम १६ सांगते. आठवी संपली की हे संरक्षणही संपते आणि मग नववीच्या पहिल्या सत्रानंतर निवडक पालकांना मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोलावणे येते. संवाद ठरलेला असतो. “त्याला दहावी झेपणार नाही. दाखला घेऊन जा, दुसरीकडे त्याला बरे पडेल.” पालक अडून बसले तर शेवटचा पर्याय पुढे येतो: सतरा नंबरचा फॉर्म. गरिबीमुळे किंवा अडचणीमुळे ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना बाहेरून दहावी-बारावी देता यावी म्हणून राज्य मंडळाने ठेवलेली ही सोय. शिकू पाहणाऱ्या हॉटेलातल्या पोऱ्यासाठी, लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या मुलीसाठी उघडा ठेवलेला हा दरवाजा काही नामांकित शाळा आपली नकोशी मुले बाहेर काढायला वापरतात. मूल रोज त्याच शाळेच्या गल्लीतून जाते, पण मंडळाच्या यादीत शाळेच्या नावावर नसते. जूनमध्ये फलक पुन्हा लागतो: शंभर टक्के.

या शंभर टक्क्यांची किंमतही एकदा तपासून पाहावी. दहावीचा राज्याचा निकाल २०२४ मध्ये ९५.८१ टक्के आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के होता. पाड्यावरची आश्रमशाळा, दुष्काळी तालुक्यातले वर्गामागे एकच शिक्षक असलेले हायस्कूल, ऊसतोड कामगारांची मुले, या सगळ्यांना धरून हा आकडा आहे. प्रवेशाला हुशार मुले वेचून घेतलेली, नववीत कच्ची मुले वगळलेली, संध्याकाळी खासगी शिकवणी लावण्याची पालकांची ऐपत. एवढे सारे हाताशी असताना शंभर टक्के निकाल लागला तर त्यात शाळेचा पराक्रम कोणता?

हा प्रश्न जगात इतरत्र काटेकोरपणे तपासला गेला आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्क इथल्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या नावाजलेल्या सार्वजनिक शाळांचा अभ्यास अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर राहून आत गेलेली मुले आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुले, यांची त्यांनी तुलना केली. दोघांची कुवत जवळपास सारखी. फरक फक्त शाळेचा. पुढच्या परीक्षांतल्या कामगिरीत त्या शाळांमुळे पडलेला फरक जवळजवळ दिसलाच नाही. हुशार मूल हुशारच राहिले, शाळा कोणतीही असो. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दुसरी बाजू मांडली आहे. सगळेच हुशार असलेल्या वर्गात बसवलेल्या मुलाचा स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास खाली येतो, कारण ते स्वतःला शेजारच्या बाकाशी मोजते. गावच्या शाळेत पहिले येणारे मूल इथे तिसाव्या क्रमांकावर जाते आणि बाराव्या वर्षी ‘मला गणित जमत नाही’ असे म्हणू लागते.

यातच आता ‘फाउंडेशन’ची भर पडली आहे. सहावी-सातवीपासून आयआयटी आणि नीटची तयारी, तीही शाळेच्याच इमारतीत, शाळेच्याच वेळेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, गुणांची वा क्रमांकाची हमी देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. शिकवणीवाल्यांनी यातून वाट काढली ती शाळेच्या फाटकातून. वर्ग शाळेचा, शिक्षक कंपनीचा, फी वेगळ्या पावतीवर. शाळांच्या फीवर नियंत्रण आणणारा राज्याचा २०११ चा कायदा या वेगळ्या पावतीपाशी येऊन थबकतो.

अशा तुकडीतल्या सातवीच्या मुलाचा दिवस पाहा. सकाळी सातला शाळा. चित्रकला आणि खेळाचे तास वेळापत्रकावर आहेत, पण त्या वेळात ‘मॅथ्स प्रॅक्टिस’ चालते. दीडला डबा. दोन ते पाच फाउंडेशनची तुकडी, तिथे चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा. घरी आल्यावर शाळेचा गृहपाठ वेगळा आणि तुकडीची ‘शीट’ वेगळी. रविवारी सकाळी चाचणी, संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्रमवारी. प्रयोगशाळेचे कुलूप तपासणीच्या आठवड्यात उघडते. ग्रंथालयातली पुस्तके काचेमागे. ज्या मुलाला प्रश्न पडतात म्हणून आपण त्याला हुशार म्हणतो, त्याला प्रश्न विचारायला या दिवसात जागा कुठे आहे?

हुशार मुलांसाठी वेगळ्या शाळा असूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. खेड्यातली गुणी मुले शोधून त्यांना उत्तम शिक्षण द्यावे, या हेतूने महाराष्ट्रानेच साठच्या दशकात पुसेगाव, औरंगाबाद, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतने काढली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून नवोदय विद्यालये उभी राहिली. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातले. तिथेही परीक्षा आहे. पण ती जाहीर आहे, सगळ्यांसाठी एक आहे, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत आणि बापाचा पगार कोणी विचारत नाही. हुशारी शोधून तिला पोसणे हे सरकारचे काम होते. सरकारने त्यात हात आखडता घेतला आणि ती जागा बाजाराने बळकावली. फरक एवढाच की बाजाराला हुशार मूल फलकावर लावण्यासाठी हवे आहे.

यात भरडले जाते ते आधी गरीब घरातले बुद्धिमान मूल. ऑलिंपियाडची फी भरायला आणि प्रवेशपरीक्षेची तयारी करायला त्याच्या घरी पैसे नाहीत, त्यामुळे ते या शर्यतीच्या रेषेपर्यंतच पोचत नाही. अशा शाळांत त्याला जाण्याचा एक मार्ग शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचा. तोही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून अरुंद केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला म्हणून हा मार्ग वाचला. सरकारचा कल कोणाकडे आहे, हे त्या नियमाने पुरेसे दाखवून दिले.

यावर उपाय अवघड नाहीत, इच्छा मात्र हवी. शिक्षण आयुक्तांनी प्रवेशाच्या हंगामात स्वतःहून तपासणी पथके पाठवावीत. तक्रार आली नाही हे कारण चालू नये. राज्य मंडळाने प्रत्येक शाळेच्या निकालाशेजारी आणखी दोन आकडे छापावेत: पाचवीत किती मुले होती आणि त्यांतली किती याच शाळेतून दहावीला बसली. त्याच शाळेतल्या किती मुलांनी पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेही कळू द्यावे. ही सगळी माहिती सरकारकडे आधीच आहे, कारण प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत होते. शाळेच्या इमारतीत, शाळेच्या वेळेत चालणाऱ्या प्रत्येक तुकडीची फी शाळेचीच फी धरावी.

पालकांनाही काही सांगायचे आहे. शाळा बघायला जाल तेव्हा स्वागतकक्षातल्या चषकांच्या कपाटापुढे थांबू नका. पाच वर्षांहून जास्त काळ टिकलेले शिक्षक किती, ते विचारा. जिथे दरवर्षी शिक्षक बदलतात तिथे शिकवणे होत नाही, उरकणे होते. या आठवड्यात सातवीच्या मुलांनी प्रयोगशाळेत काय केले, ते विचारा. वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या मुलासाठी शाळा काय करते, हे तर आवर्जून विचारा. तुमचे मूल आज पुढे आहे म्हणून या प्रश्नाशी आपला संबंध नाही असे समजू नका. आजारपण, घरातला ताण किंवा वयाचा एखादा अवघड टप्पा आला की पुढचे मूलही मागे पडते. त्या वेळी त्याला हात देणारी शाळा हवी की केबिनमध्ये बोलावून दाखला देणारी, याचा निर्णय आजच करायचा असतो. आणि अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या ज्या खासगी शाळेने तुमच्या दहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेतली, तिने कायदा मोडला आहे हे लक्षात ठेवा. तुमच्या मुलाला प्रवेश मिळाला असला तरी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या.