प्रशांत महासागराकाठच्या टीम, अटलांटिकची स्पर्धा

कॅलिफोर्नियातल्या बर्कली आणि स्टॅनफर्ड या दोन नामांकित विद्यापीठांचे बेसबॉल संघ २०२५ पासून कुठल्या कॉन्फरन्समध्ये खेळतात, माहितीये? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. दोन्ही विद्यापीठं प्रशांत महासागराच्या बाजूची. अटलांटिक देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. रत्नागिरीच्या कॉलेजनं बंगालच्या उपसागराच्या किनारा चषकात खेळावं, तसला हा प्रकार. आणि हे कुणा कारकुनाच्या चुकीनं झालेलं नाही. ठरवून, सह्या करून झालंय.

हा विषय इथे काढायचं कारण सांगतो. आपल्याकडे खेळाची चर्चा निघाली की एकजण तरी म्हणतोच, "अमेरिकेत बघा, कॉलेजं कसे खेळाडू घडवतात! ते मॉडेल आणा." त्यांची मैदानं, त्यांचे प्रशिक्षक, त्यांची शिस्त, सगळं मान्य. पण त्या मॉडेलचं अलीकडे काय झालं, तेही बघा की.

आधी रचना समजून घेऊ. कॉन्फरन्स म्हणजे साधारण आपल्या विभागासारखं. आसपासची विद्यापीठं एकत्र येतात, फेब्रुवारी ते मे आपसात खेळतात. मेच्या अखेरीस कॉन्फरन्सची अजिंक्यपद स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्या संघाला एनसीएएच्या ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. उरलेल्या जागा निवड समिती भरते. त्या ६४ मधून शेवटी आठ संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात पोचतात. १९५० पासून अंतिम टप्पा तिथेच होतो. कॉलेजात बेसबॉल खेळणाऱ्या प्रत्येक पोराचं स्वप्न एकच, ओमाहा.

या रचनेत गरिबाला एक दार आहे, आणि ते म्हणजे ही कॉन्फरन्सची स्पर्धा. समितीनं तुमच्याकडे ढुंकून नाही बघितलं तरी चार दिवस जीव तोडून खेळा, जिंका, आत या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचं स्टोनी ब्रूक विद्यापीठ २०१२ साली असंच आलं. आपली कॉन्फरन्स जिंकली, मग बलाढ्य एलएसयूला त्यांच्याच मैदानावर हरवून थेट ओमाहा गाठलं. त्याआधी २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट कॉन्फरन्स जिंकून आलं, त्यांच्या गटात त्यांना चौथं म्हणजे शेवटचं मानांकन होतं, आणि ते राष्ट्रीय विजेते झाले. खेळात अजून न्याय शिल्लक आहे असं वाटायला लावणाऱ्या या गोष्टी.

आता पॅक-१२ कडे या. ही पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स, मुळं १९१५ सालची. बेसबॉलमधलं त्यांचं घराणं तर विचारूच नका. यूएससीची १२ राष्ट्रीय अजिंक्यपदं, आजवर दुसऱ्या कुणाचीही एवढी नाहीत. ॲरिझोना स्टेटची ५, ॲरिझोनाची ४, ओरेगन स्टेटची ३. एवढं असूनही मोसमाअखेरची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी सुरू केली २०२२ मध्ये, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेल इथे. पहिल्या वर्षी स्टॅनफर्ड जिंकलं, दुसऱ्या वर्षी ओरेगन. तिसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, यूएससीला हरवून ॲरिझोना. आणि संपलं. तीन वर्षांत स्पर्धा बंद, कारण कॉन्फरन्सच उरली नाही.

का उरली नाही? बेसबॉलमुळे? अजिबात नाही. अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांमुळे. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएनं बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेननं सात वर्षांचा सात अब्ज डॉलरच्या वरचा प्रक्षेपण करार केला. पुढच्या वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन त्याच वाटेनं गेले. कोलोराडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. बर्कली आणि स्टॅनफर्डला दुसरीकडे थारा मिळेना, तर ते अटलांटिकवाल्यांकडे गेले, तेही पहिली सात वर्षं प्रक्षेपणाच्या पूर्ण वाट्यापैकी जेमतेम ३० टक्के घ्यायच्या बोलीवर! बारा जणांच्या घरात मागे राहिले दोघं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आज बिग टेनच्या नावात दहा आहेत, सदस्य १८. बिग ट्वेल्व्हच्या नावात बारा, सदस्य १६. नाव आणि नकाशा, दोन्ही खोटे पडले.

फुटबॉलला हे परवडतं. नियमित मोसमात १२ सामने, आठवड्याला एक, बहुतेक शनिवारी. मोसमात चार-पाच लांबचे प्रवास, संपलं. बेसबॉलचा मोसम ५६ सामन्यांपर्यंत जातो. शनिवार-रविवार धरून तीन सामन्यांची मालिका, आठवड्याच्या मधे आणखी एखादा सामना. बर्कलीहून अटलांटिकची २०२५ ची अजिंक्यपद स्पर्धा जिथे झाली त्या डरहॅमचं अंतर जवळपास चार हजार किलोमीटर. म्हणजे मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत यायचं तेवढं, आणि तेही एका बाजूचं. घड्याळात तीन तासांचा फरक. वर २०२५ पासून तिथली अजिंक्यपद स्पर्धा एका पराभवात बाहेर अशी केली. देश ओलांडून जा, एक सामना हरा, बॅग भरा. यांना आपण 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणायचं. विद्यार्थी नेमका कुठल्या विमानतळावर अभ्यास करतो, ते कुणी सांगत नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एक : "ॲरिझोनानं बघा, बिग ट्वेल्व्हमध्ये गेल्या गेल्या २०२५ ची स्पर्धा जिंकली. ओरेगन स्टेट कॉन्फरन्सशिवाय एकटं खेळलं, तरी ओमाहाला पोचलं." खरंय, पोचलं. पण तीन वेळच्या राष्ट्रीय विजेत्याला प्रतिस्पर्धी शोधत, बहुतेक सामने परगावी खेळत मोसम काढावा लागला, आणि स्पर्धा जिंकून थेट प्रवेश मिळवायचं दार त्याच्यासाठी नव्हतंच. पोरांनी जिद्दीनं मार्ग काढला, त्याचं श्रेय घर मोडणाऱ्यांना कसं देता? पुरातून पोहून आलेल्या माणसाकडे बोट दाखवून धरण फोडणाऱ्याचा सत्कार करण्यासारखं आहे हे.

दुसरं उत्तर : "आता खेळाडूंना पैसे मिळतात ना!" मिळतात, आणि मिळायलाच हवेत, ते त्यांच्याच घामाचे आहेत. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. पण त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षं अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या होत्या. पाव-अर्धी करून पोरांमध्ये वाटायचे. ती मर्यादा आता गेली, पण त्याबरोबर संघात ३४ जणांची मर्यादा आली. देणारा हात तोच, कात्रीही त्याच हातात.

आणि ते गरिबाचं दार? २०२५ मध्ये ६४ पैकी १३ जागा एकट्या एसईसीला गेल्या. त्यांचे एकूण संघ १६. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अजिंक्यपद स्पर्धेत हरलं काय नि जिंकलं काय, बहुतेकांचं राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट पक्कं. तिथे स्पर्धा हा टीव्हीचा आठवडा. लहान कॉन्फरन्समध्ये तीच स्पर्धा म्हणजे जगणं-मरणं. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसा कुठल्या गोष्टीकडे जातो ते सांगायला नकोच.

मी जिल्ह्याच्या बातम्या करणारा माणूस. तालुका-जिल्हा पातळीवरचे शेकडो सामने कव्हर केलेत. मैदानाभोवती गर्दी का जमते, हे मला पक्कं ठाऊक आहे. समोरचा संघ शेजारच्या गावचा असतो म्हणून जमते. गेल्या वर्षीचं उट्टं काढायचं असतं म्हणून जमते. शत्रू ओळखीचा लागतो, तरच खेळात जीव ओतला जातो. बर्कली आणि स्टॅनफर्डमधलं वैर शंभर वर्षांहून जुनं आहे, ते टिकलं. पण बर्कली आणि यूसीएलए? एकाच राज्याच्या एकाच विद्यापीठाच्या दोन शाखा, आज दोन वेगळ्या कॉन्फरन्समध्ये. हा शेजार विकला गेला, आणि विकताना बेसबॉलच्या पोरांना विचारलंसुद्धा नाही. हेच बर्कली, ज्यानं २०१० मध्ये खर्च परवडत नाही म्हणून बेसबॉल बंद करायचं जाहीर केलं होतं. तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी लाखो डॉलर जमवून संघ वाचवला, आणि तोच संघ २०११ मध्ये ओमाहाला गेला. संघ लोकांनी वाचवला. नकाशा मात्र टीव्हीनं बदलला.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा अजून पश्चिम, दक्षिण अशा विभागांवर चालतात. सुविधांची बोंब आहे, जेवणाची बोंब आहे, प्रवासभत्त्याची बोंब आहे. सुधारणा हव्यातच. प्रायोजक येऊ दे, टीव्हीही येऊ दे. पण करार करताना एक अट कागदावर हवी : कोण कोणाशी खेळणार आणि कधी खेळणार, हे पैसे देणारा ठरवणार नाही. एका खेळाच्या करारासाठी बाकीच्या खेळांची फरफट होणार नाही. एवढी अट घालायची हिंमत नसेल, तर 'अमेरिकन मॉडेल' हा शब्द तोंडातून काढू नका.

पटत नसेल तर जरूर भांडा. फक्त आधी नकाशा उघडा आणि बर्कली ते डरहॅम बोट फिरवून बघा.